आमच्या गावचा पहिला फोन

सभेचे अध्यक्ष आदरणीय सुंदरराव आण्णा, व्यासपीठावरले जनावरांचे डॉक्टर शिवशंकर साहेब, पाटोद्याच्या आसपासच्या गावांतून आलेले मेंढपाळ बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या बदलीपायी आपण इथं गोळा झालो त्या योगिताताई.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मेंढपाळाला दोन शब्दांत थांबवणं अवघड हाय, पण बघतो.

जनावर आजारी पडलं की आपण मदत केंद्राला फोन लावतो. फोन ताई घ्यायच्या, अन् प्रत्येक फोन आवाजासकट कंप्युटरात साठायचा. यंदा ठरलं, ज्या त्या गावातून ज्यानं पहिला फोन केला त्याचा सत्कार करायचा. ताईंनी कंप्युटरला विचारलं, गावागावाचे फोन वेगळे कर अन् प्रत्येकातला सगळ्यात जुना काढ. आमच्या गावापुढं नाव आलं बंकट. म्हणजे मी. फेटा बांधून आलो की हो.

त्या सत्काराच्या दिवशी इथं आल्यावर तारीख ऐकली. म्हणलं, "ताई, तवा मी थोडी मेंढरं घेऊन परळीकडं गेलतो. माझ्याकडं फोनच नव्हता." ताईंचा चेहरा उतरला. कंप्युटरनं तारीख पहिल्या फोनची उचलली होती अन् नाव नंतरच्या कुठल्यातरी फोनचं. ताईंनी पुन्हा नीट विचारलं, ज्या फोनची तारीख त्याच फोनचं नाव दे. नाव आलं अंजना. माझी बायको. ती जाऊन दुसरं वरीस चाललंय, अन् तिचा आवाज माझ्याकडं कुठंच नव्हता.

ताई हळूच म्हणाल्या, "ऐकता का मामा?"

अंजनाचा आवाज आला, "काळ्या मेंढीच्या तोंडाला फेस आलाय. मालक घरी न्हाईत. काय करू ते मलाच सांगा." एवढं बोलून तिनं मधीच मेंढरांना हाक घातली, चारा टाकताना घालायची तीच.

मी ते मोबाईलात घेतलं अन् घरी मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी लावलं. कशापायी लावलं, मलाच ठावं न्हाई. हाक ऐकली अन् मेंढरांनी माना वर केल्या. काळी मेंढी पुढं झाली. ती जगली होती. मागं सगळा कळप, जिथं अंजना चारा घेऊन उभी राहायची त्या कोपऱ्यात गेला. मी दुसरीकडं चारा टाकला, एक बी आलं न्हाई. जी कोकरं अंजना गेल्यावर जन्मली ती बी तिथंच. कुणाकडं बघत होती, सांगा? मला लई भ्या वाटलं. तरी मी बी त्याच कोपऱ्याकडं बघत राहिलो.

तवापासून चाऱ्याच्या वेळेला रोज तेच. उपाशी राहतात, पण हलत न्हाईत. अंगानं उतरली. मी मोबाईलातलं पुसून टाकलं, तरी तेच.

आता नवा कंप्युटर येतोय. त्यात गावाचा शेवटचा फोन तेवढा राहणार, जुने जाणार. ताईंनी विचारलं, "मामा, मामींचा फोन बाजूला काढून ठेवू का जाऊ देऊ?" ताई, आज सगळ्यांसमोर सांगतो. ठेवा. फक्त मी मागायला आलो तरी मला देऊ नका.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, उपकार झाले. भरल्या सभेत रडगाणं लावलं, तेवढं पोटात घाला. जेवायला थांबत न्हाई, राग मानू नका. चाऱ्याची वेळ झाली. ती सगळी कोपऱ्यात जाऊन उभी असतील, अन् आता चारा घेऊन मलाच तिथं उभं राहावं लागतंय.