बाळ कुणाकडे?

शनिवारी भर दुपारी दुकानाच्या रांगेत निवृत्त नर्सबाईंच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. ट्रॉलीत त्यांचा थोरला मुलगा पेंगत होता.

"पोहण्याचा क्लास झाला, केक घेतला. आता फक्त वाढदिवसाला पोचायचं," बायको म्हणाली. "आण, बाळाला घेते."

"माझ्याकडे कुठंय? तू घेतलंस ना?"

"मी थोरल्याला घेतलं. तू म्हणालास, मी आणतो."

"पिशव्या म्हणालो गं मी."

"म्हणजे गाडीत?"

नवरा तोवर पळत सुटला होता. बायकोही धावली. नर्सबाई थोरल्याला कडेवर घेऊन मागे निघाल्या. उन्हात गाडीचं दार सताड उघडं होतं. घामाने निथळणारं बाळ बापाच्या खांद्यावर टाहो फोडत होतं.

"उगी, राजा, उगी."

"गप्प नको करूस त्याला," बायको म्हणाली. "ऐकू दे मला."