सर्वांत शेवटी धावणाऱ्या इसमाबाबत

जबाब देणार : स्त्री, वय सदुसष्ट, नाव सहीत आहे तेच. शिक्षण पदवीपर्यंत. व्यवसाय पाहुण्यांना राहायला खोल्या देणे. राहणार किनारा रस्त्याचे उत्तर टोक, निळ्या फाटकाचे घर.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती राहतो. पतींचे वय एकाहत्तर असून ते शाळेत खेळाचे शिक्षक होते. आम्हाला एक मुलगी आहे, ती लग्नानंतर दुसऱ्या शहरात राहते. माझे धाकटे दीर बंदराजवळ सायकली भाड्याने देण्याचे दुकान चालवतात. ते सध्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यांना तिथेच बसू द्यावे, अशी माझी विनंती आहे. ते मधे मधे बोलतात.

आमच्याकडे उतरणारे पाहुणे बहुतेक धावणारे असतात. सुट्टी काढून, प्रवास करून, पहाटे उठून धावायला येणारी माणसे जगात असतात, हे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांना खरे वाटले नाही. मलाही पहिली काही वर्षे वाटले नव्हते.

पाहुण्यांसाठी धावण्याचे तीन रस्ते आहेत. ते माझ्या पतींनी नोकरीत असतानाच स्वतः चालून, मोजून आखले. छोटा रस्ता घरापासून किनाऱ्याच्या फरसबंदीवरून दीपगृहापर्यंत आणि परत. त्यावर चुकायला जागा नाही, कंटाळायला भरपूर आहे. मधला रस्ता मिठागरांच्या बांधावरून जातो. थंडीत तिथे लांब पायांचे पक्षी उतरतात. पाहुणे पक्ष्यांकडे बघत धावतात आणि दर वर्षी कोणीतरी खाऱ्या चिखलात बूट बुडवून येतो. लांब रस्ता टेकडीवर चढतो आणि फवाऱ्याच्या खडकाजवळून जातो. भरतीच्या वेळी तिथे खडकातल्या भोकातून पाणी माणसाच्या दुप्पट उंच उसळते. तिथून थोडे पुढे फाटा आहे. फाट्यावर डावीकडे उतरले की सुरूचे बन लागते आणि मागच्या वाळूच्या पुळणीवरून माणूस घरी येतो. फोटो काढण्यासारखे सगळे लांब रस्त्यावर आहे, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो.

आमच्याकडची पद्धत अशी आहे. पहाटे मी सायकलवरून पुढे जाऊन प्रत्येक वळणावर नारिंगी कापडाची फीत बांधते. सायकल चालते, पण धावणे माझा गुडघा करू देत नाही. फीत दिसली की पाहुण्यांनी वळायचे. शेवटच्या माणसाने येताना फिती सोडून घरी आणायच्या. हे आदल्या संध्याकाळी जेवताना सर्वांना सांगितले जाते. शेवटचा माणूस म्हणजे माझे पती. पाहुणे पुढे गेल्यावर बऱ्याच वेळाने ते निघतात. ते सर्वांपेक्षा चांगले धावतात, तरी मागे राहतात, हा पाहुण्यांना त्यांचा मोठेपणा वाटतो. तसे वाटण्याला माझी हरकत नव्हती.

आज लांब रस्ता होता. पाहुणे चार होते. त्यातले तिघे एकाच कचेरीतले मित्र असून दर वर्षी येतात. चौथे दातांचे डॉक्टर, वय अंदाजे पस्तीस, काल प्रथमच आले. मी फिती बांधून परत आले तेव्हा उजाडत होते. चौघे निघाले. मग मी पतींच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि ते निघाले.

तिघे मित्र वेळेवर परतले. त्यांचे खाणे होत आले तेव्हा दातांचे डॉक्टर फाटकातून आत आले. त्यांना बरीच धाप लागली होती. त्यांच्या हातात फितींचा जुडगा होता. ते म्हणाले, "काकू, सगळ्या आणल्या. फाट्यावरची गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. माझ्या पेशंटना सांगू नका."

मी त्यांना विचारले की फिती काढायला कोणी सांगितले. ते म्हणाले, तुम्हीच. शेवटच्या माणसाने फिती आणायच्या, हे काल रात्री त्यांनी नीट ऐकले होते. ते फवाऱ्याच्या खडकाशी फोटो काढायला थांबले. तेवढ्यात तिघे मित्र पुढे निघून गेले. डॉक्टरांनी मागे पाहिले, मागे कोणी दिसेना. म्हणजे शेवटचा माणूस आपणच, असे समजून त्यांनी तिथून पुढच्या सगळ्या फिती काढल्या. त्यांची यात चूक आहे असे मला म्हणता येत नाही. शेवटचा माणूस कोण, हे नाव घेऊन सांगायची गरज मला कधी पडली नव्हती.

मी सायकल काढली. खडकापर्यंतच्या वळणांवर एकही फीत नव्हती. त्या डॉक्टरांनी काढलेल्या नव्हत्या, म्हणजे पतींनी काढल्या असणार. त्यावरून ते खडकापर्यंत आले होते हे नक्की. पुढे ते कुठे दिसले नाहीत. भरती चढत होती. मी हाका मारल्या. फवाऱ्याचा आवाज मोठा असल्याने हाका कितपत गेल्या हे सांगता येत नाही.

तिथून मी दिरांना बोलावले. ते कपारीत उतरून कमरेइतक्या पाण्यात शोधून आले. मग आमच्या अंगणात येऊन त्यांनी दातांच्या डॉक्टरांची कॉलर धरली. ती मी सोडवली. त्यानंतर मी, दीर व दातांचे डॉक्टर ठाण्यात आलो. खडकाजवळ एक होडी पाठवल्याचे मला सांगण्यात आले आहे.

मला विचारण्यात आले की काल किंवा आज आमचे भांडण झाले होते का. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेल्यावर नाही म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. काल ओला टॉवेल खुर्चीवर टाकण्यावरून झाले. आज झाले नाही. ते जिवाला कंटाळल्याचे कधी बोलले होते का, असेही विचारले. नाही. त्यांना पोहता येते का. उत्तम येते.

मग अंमलदारांनी विचारले, "ज्यांनी रस्ते आखले, त्यांना फितींशिवाय घर सापडू नये, हे कसं काय?"

मला पाणी देण्यात आले. ते मी प्यायले नाही. दिरांना आत बोलवावे असे मी सांगितले, म्हणजे तेच दोनदा सांगावे लागणार नाही.

दिरांसमक्ष सांगते की, माझ्या पतींना रस्ते आठवत नाहीत. दोन वर्षे होत आली. आधी माणसांची नावे जायला लागली. ते मी मनावर घेतले नाही, कारण नावे त्यांना कधीच धड आठवत नसत. मग एका सकाळी ते पाव आणायला म्हणून गेले आणि शेजाऱ्यांच्या घरात शिरून जेवणाच्या टेबलाशी बसले. शेजारीण हसली, म्हणून तेही हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी फिती बांधते. त्याआधी रस्त्यावर खडूचे बाण असत आणि तेही फक्त हंगामात.

धावायला लागले की ते पूर्वीसारखेच असतात. पाय अडखळत नाही, दम लागत नाही. वळण आले की मात्र थांबतात. फीत दिसली की वळतात, तिची गाठ सोडतात, घडी करून खिशात घालतात. फिती घरी आणणे हे त्यांचे काम आहे आणि ते त्यांनी एकदाही चुकवलेले नाही. घरात एकही पाहुणा नसताना, धो धो पाऊस असतानाही मी फिती बांधलेल्या आहेत.

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. मुलीलाही नाही. तिला कळले असते तर ती आम्हाला घेऊन गेली असती. मुलगी चांगली आहे. तिचे घर नवव्या मजल्यावर आहे.

दीर म्हणाले, "वहिनी, मला तरी सांगायचं."

मी म्हणाले, "सांगितलं असतं, तर तूही त्यांच्याशी मोठ्यानं आणि हळूहळू बोलायला लागला असतास."

यावर ते उठले. बाहेर जाऊन बाकावर बसले. दातांच्या डॉक्टरांनी सरकून त्यांना जागा दिली.

त्यानंतर अंमलदारांनी वर्णन लिहून घेतले. कपडे, बूट, डाव्या भुवईवरचा व्रण. फितींचा रंग विचारला. मी नारिंगी म्हणाले. त्यांनी लिहिणे थांबवले. काल संध्याकाळी नव्या रस्त्याची मोजणी करणारे लोक ठाण्यात येऊन गेल्याचे त्यांनी मला सांगितले. फाट्यावरून उजवीकडे, टेकडीमागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी दुपारीच खुंट्या ठोकल्या होत्या. कोणी उपटू नयेत म्हणून गस्तीवाल्यांनी लक्ष ठेवावे, असे ते सांगून गेले. प्रत्येक खुंटीला त्यांनी फीत बांधली होती. रंग अंमलदारांना चांगला आठवत होता.

मी पहाटे फाट्यावर गेले तेव्हा अंधार होता. उजवीकडे मी पाहिले नव्हते.

मी उठले. जबाब पुरा करून जा, असे अंमलदार म्हणाले. मी म्हणाले, "जबाब इथेच राहील. तो काही धावत सुटणार नाही."

येथे जबाब थांबला. दुपारी त्याच ठाण्यात पुन्हा बसून पुढे सांगते की,

पोलिसांच्या गाडीत मी, अंमलदार व माझे दीर होतो. दातांचे डॉक्टर नको म्हटले तरी चढले. फाट्यावरून उजवीकडे खुंट्या सुरू झाल्या. पहिल्या खुंटीला फीत नव्हती. दुसरीलाही नव्हती. पुढे झुडपे आणि दगडाची जुनी खाण लागली, तिथल्या खुंट्याही मोकळ्या होत्या. चालक म्हणाला की इकडे फितीच नाहीत, आपण चुकलो, गाडी वळवू का. मी म्हणाले, "फिती नाहीत, म्हणजे ते इकडूनच गेलेत. पुढे चला."

शेवटची खुंटी पाण्याच्या टाकीच्या मागे आहे. तिथे भिंतीच्या सावलीत माझे पती बसलेले होते. दोन्ही खिसे फुगलेले होते आणि मुठीतही फिती होत्या. तिथून समुद्र दिसत नाही. त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "आज फार लांब आखलास."

मी हो म्हणाले.

"पुढची फीत दिसेना. म्हटलं, तू बांधत असशील, थांबावं."

मी म्हणाले, "हो, बांधायची राहिली."

त्यांनी मुठीतल्या फिती माझ्या हातात दिल्या. त्या कापडाच्या नव्हत्या, प्लास्टिकच्या होत्या. मी त्या नीट मोजून घेतल्यासारखे केले, कारण रोज तसे करते.

गाडीत ते दोन बाटल्या पाणी प्यायले. उजव्या टाचेला फोड आला आहे, बाकी इजा नाही. घरी सोडल्यावर दातांच्या डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली, टाच धुऊन पट्टी लावली. पतींनी त्यांना विचारले, "तुम्ही पहिल्यांदाच आलात का?" डॉक्टर हो म्हणाले. पती म्हणाले, "मग लांब रस्ता करा. सगळं बघण्यासारखं तिकडे आहे."

मोजणीवाल्यांनी फिती पळवल्याबद्दल अनोळखी इसमाविरुद्ध तक्रार दिली आहे, असे मला आत्ता कळले. तो इसम माझे पती आहेत. खुंट्या जागेवर आहेत. फिती सर्व परत केल्या आहेत आणि उद्या मी व दीर त्यांच्या माणसांसमक्ष पुन्हा बांधून देऊ. त्यांनी रंग बदलावा, अशी विनंती मी केली. तसा त्यांना अधिकार नाही असे ते म्हणाले. मग मी माझा बदलते.

दातांच्या डॉक्टरांविरुद्ध माझी तक्रार नाही. दिरांनी त्यांची माझ्यासमोर माफी मागितली आहे. कॉलरचे बटण मी लावून देईन.

दिरांनी माझ्या मुलीला फोन केला. ती संध्याकाळपर्यंत पोहोचते आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, पण तो या जबाबाचा विषय नाही.

पतींना यापुढे घरातच ठेवणार का, असे अंमलदारांनी विचारले. मी नाही म्हणाले. टाच बरी झाली की ते धावतील. एकटे धावणार नाहीत, एवढे मी लिहून देते. दातांच्या डॉक्टरांनी मुक्काम वाढवला असून ते पतींबरोबर धावायला तयार आहेत. ते हळू धावतात, पण पती त्यांना सांभाळून घेतील.

हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी, पती भरकटत टाकीकडे गेले, असे लिहिलेले होते. ते मी खोडायला लावले. वाट आखलेली होती तिथपर्यंत ते धावले, एकही फीत मागे ठेवली नाही आणि वाट संपली तिथे माझी वाट पाहत थांबले. तसे लिहून घेतल्यावर पुन्हा वाचायला सांगितले आणि ऐकले. आता बरोबर आहे. सही करते.