ठेक्यातला थांबा

अकाइती: पण आजोबा, माझं चुकलं कुठे ते तरी सांगा. ठोके सगळे बरोबर होते.

तुताइ: ठोके बरोबर होते.

अकाइती: मग तालमीत सगळे हसले का?

तुताइ: तिसऱ्या फेऱ्यानंतर आपल्या गावाचा ठेका थांबतो, पोरी. नाचणारे एक पाय उचलून तसेच उभे राहतात. आज चाळीस जणांनी पाय उचलले आणि तू आपली पुढे निघून गेलीस. मागचे पुढच्यांवर पडले. तो जाडा पोस्टमन तर थेट पास्टरांच्या मांडीवर जाऊन बसला. मी असतो तर मीही हसलो असतो.

अकाइती: तुम्ही होतातच. आणि हसलातही.

तुताइ: हं. म्हणून तर तोंडावर टोपी धरली होती.

अकाइती: थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. बाबांनी माझ्या फोनवर घालून दिलेल्या ठेक्यात तो कुठेच थांबत नाही. ऑकलंडची सगळी मुलं त्याच्यावरच नाचतात. मी तिकडे वर्षभर रोज वाजवलाय, न्हाणीघरात बादलीवर.

तुताइ: ते कळतं. मनगट सैल आहे तुझं, कोपर अंगाशी आहे. हे मी शिकवलेलं नाही, तुझं तूच शोधलंस. बादली चांगली मास्तरीण निघाली.

अकाइती: नूरोआ आत्या आली बघा. स्कूटर बंद न करताच उतरली, म्हणजे रागात आहे.

नूरोआ: रागात नाही, घाईत आहे. बाबा, नीट ऐका. ट्रक मिळाला. डिझेल मिळालं. फुलाफुलांचे चाळीस शर्ट शिवून झाले, फक्त एकाला बटणं राहिलीत. तारोचे कंद सोलायला उद्या बायका येतील. राहिला एकच प्रश्न. परवा नवीन वर्ष, परवाच गावोगाव नाचत बेटाची फेरी, आणि पहिला ढोल कोण वाजवणार ते अजून कुणाला माहीत नाही.

तुताइ: सांग त्यांना, बघतोय म्हणावं.

नूरोआ: ईस्टरपासून मी हेच सांगतेय. काल तुमच्या उजव्या हातातून कप सुटला, मी पाहिलं. तुम्ही मांजरावर ढकललंत.

अकाइती: मांजर तर तेव्हा अंगणात होतं.

तुताइ: तू कुणाच्या बाजूची गं?

नूरोआ: मी भांडायला नाही आले, बाबा. आई गेल्यापासून तुम्ही ढोलावरचं फडकंसुद्धा काढलेलं नाही. मी विचारलं का कधी? नाही विचारलं. पण समितीनं आज ठरवून टाकलंय. उद्या संध्याकाळपर्यंत वाजवणारा मिळाला नाही, तर ट्रकवर स्पीकर लावायचा आणि ऑकलंडचा ठेका वाजवायचा.

तुताइ: स्पीकर.

नूरोआ: सोपं आहे. थकत नाही, चिडत नाही, जेवायला मागत नाही.

तुताइ: आणि थांबत नाही.

नूरोआ: एका थांब्यासाठी फेरी रद्द करायची का? किती वर्षांनी आपल्या गावाची पाळी आलीय. असो. अकाइती, दोन पोती बटाटे सोलायचेत आणि बीट उकडायचंय. अर्ध्या तासात ये. आजोबांना जेवायला वाढ, ते विसरतात.

अकाइती: गेली. आजोबा, तुमचा हात खरंच...?

तुताइ: करंगळी आणि तिच्या शेजारची, दोन्ही बोटं झोपलीत. टिपरू हातात आहे की पडलं, हे खाली बघितल्यावर कळतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, जपा. काय जपायचं ते नाही म्हणाली.

अकाइती: मग तुम्ही आत्याला सांगत का नाही?

तुताइ: सांगितलं की खरं होईल ना.

अकाइती: मी वाजवू?

तुताइ: तेच विचारायला तू सकाळपासून माझ्याभोवती घुटमळते आहेस. मला वाटलं, भूक लागलीय.

अकाइती: मुलीनं पहिला ढोल वाजवलेला चालतो?

तुताइ: ढोलाला विचारलं मी. त्याची काही हरकत नाही. पास्टरांना विचारलं, ते म्हणाले, मांडीवर पोस्टमन नको, बाकी काहीही चालेल. पण थांबा आल्याशिवाय मी तुला टिपरी देणार नाही. मग लागू दे तो स्पीकर.

अकाइती: थांबा म्हणजे काहीच न वाजवणं. ते येणारच ना मला.

तुताइ: तेच तर सगळ्यात अवघड. ये, बस. काढ ते फडकं. हं. हळू, आठ महिने झोपलाय तो. वाजव.

अकाइती: आता?

तुताइ: तिसरा फेरा झाला की थांब. छान. छान. आता थांब... का वाजवलंस?

अकाइती: फार वेळ झाला असं वाटलं.

तुताइ: माशीसुद्धा उडाली नव्हती ढोलावरून.

अकाइती: सगळे माझ्याकडे बघत असतील, मी विसरले असं त्यांना वाटेल, असं आत काहीतरी होतं, आजोबा. हात आपोआप पडतो. तुम्ही किती ठोके थांबता ते सांगा, मी मनात मोजेन. आठ? सोळा?

तुताइ: मी कधी मोजलं नाही.

अकाइती: पन्नास वर्षं वाजवताय आणि मोजलं नाही?

तुताइ: मोजण्यासारखं नव्हतंच ते. तुझ्या बापालाही कधी कळलं नाही. मी वाजवलेली जुनी कॅसेट तो घेऊन गेला ऑकलंडला. फोन करून म्हणाला, बाबा, मध्ये टेप खराब झाली होती, आवाजच नव्हता, तेवढा तुकडा मी कापून टाकला. एकदम स्वच्छ झालंय आता.

अकाइती: म्हणजे थांबा बाबांनीच कापला? आणि तुम्ही काही बोलला नाहीत?

तुताइ: म्हटलं, शाबास. त्यानं तीन रात्री जागून केलं होतं गं. तिथे थंडीत बसून पोरांना नाचायला शिकवतो. त्याला काय सांगणार, की तो रिकामा तुकडाच मला सगळ्यात आवडायचा?

अकाइती: त्यात काय आहे एवढं? मुलं म्हणत होती, पूर्वज होडीतून येतायत, त्यांची वाट बघायची म्हणून थांबायचं.

तुताइ: ते मुलांना शाळेत शिकवतात. कुठल्याशा संग्रहालयातून एक बाई आली होती लिहून घ्यायला. तिनंच विचारलं, पूर्वजांसाठी थांबता का? तीन कप चहा झाला होता तिचा, चेहरा असा उजळला होता. माझ्यानं नाही म्हणवेना. पुस्तकात आलं, मग शाळेत आलं. आता गावातले म्हातारेही तेच सांगतात. दोघांनाच खरं माहीत होतं. त्यातली एक आता नाही.

अकाइती: आजी.

तुताइ: माझं पहिलंच वर्ष होतं पहिल्या ढोलावर. कुरा पुढच्या रांगेत नाचत होती. लग्न झालं नव्हतं आमचं, बोललोही नव्हतो धड. तुला माहीत आहे, आपण नाचायला लागलो की त्या त्या गावचे लोक पुढे येतात, आपल्या मानेला पावडर लावतात, अत्तर उडवतात. त्या दिवशी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसली होती. मांडीवर पावडरीचा डबा. पाय गेलेले, उठता येत नव्हतं. डबा उघडून नुसती बसली होती, कुणी जवळ येईल म्हणून. नाचणारे कसे जाणार? ठेका चालू होता.

अकाइती: मग?

तुताइ: कुरानं रांग सोडली. भर नाचात. सरळ चालत म्हातारीकडे गेली, वाकली, मान पुढे केली. माझा हात थांबला. ठरवून नव्हे, आपोआप थांबला. मागे सगळे एक पाय वर करून उभे. म्हातारी आपली सावकाश लावतेय, या बाजूला, मग त्या बाजूला. मग कुरा परत आली जागेवर, माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढचा ठोका मारला.

अकाइती: कुणी रागावलं नाही?

तुताइ: माझे वडील माझ्या पाठीत टिपरू घालणार होते. पण तोवर पलीकडच्या गावात पोचलो, तिथेही एक म्हातारा खुर्चीवर. कुरा गेली. मी थांबलो. मग तसा पायंडाच पडला. दर खेपेला ती जायची, मी थांबायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, मी थांबतो म्हणून ती जाते. आता सांग, मी काय मोजणार? ती परत येईपर्यंत थांबायचं, एवढंच माप होतं.

अकाइती: आणि आता ती...

तुताइ: हं. तीच अडचण आहे बघ. मी थांबलो तर पुन्हा सुरू कधी करू?

अकाइती: हाताचं तर कारण आहेच ना, आजोबा.

तुताइ: हाताचंही आहे. बोटं दोनच झोपलीत, मी मात्र सगळा हात झोपलाय म्हणून सांगत होतो.

अकाइती: तुम्ही रडू नका.

तुताइ: बीट शिजतंय तिकडे, त्याची वाफ आली डोळ्यांत. ऊठ. टिपरी खाली ठेव. त्या खुर्चीपर्यंत चालत जा. धावू नको, ओढ्यावर पाणी आणायला निघाल्यासारखी जा. पोचलीस? वाक. मान पुढे कर. आता ती म्हातारी लावतेय पावडर, तिचे हात थरथरतायत. घाई करू नको तिला. झालं? दुसरी बाजू राहिली. हं. आता परत ये. बस. मार ठोका.

अकाइती: हे फार लांब झालं.

तुताइ: एवढंच असतं. पुन्हा जा. दहा वेळा जा. मग अकराव्या वेळी बसल्या जागी जा, मनात. पाय चालू देत, हात चालू नयेत.

अकाइती: लोक बघत असले तरी?

तुताइ: तू म्हातारीकडे गेलेली असशील गं. लोक बघतायत हे बघायला तू तिथे असशील कुठे?

अकाइती: आजोबा, बटाटे राहिलेत. आत्या मारेल.

तुताइ: बटाटे पळून जात नाहीत. चाल.

(नवीन वर्षाचा दिवस. ऊन उतरलेलं. फेरी बेटाला वळसा घालून गावात परत यायची आहे. तुताइ फणसाच्या जातीच्या, रुंद पानांच्या झाडाखाली रस्त्याकडे तोंड करून खुर्चीवर बसला आहे.)

नूरोआ: पाणी द्या आधी. ट्रक वळणावर आहे, मी स्कूटरवर पुढे आले. तुम्ही आला नाहीत ते नाहीच.

तुताइ: मी ट्रकवर बसलो असतो तर सगळ्यांनी माझं तोंड बघितलं असतं. तिनंही. तिला माझं तोंड बघून वाजवायची सवय नको. कसं झालं ते सांग.

नूरोआ: पहिल्या गावात मान वर न करता वाजवत होती. तिसरा फेरा संपला, थांबली. मी मनात म्हटलं, आता मारते की काय. नाही मारलं. अमुरी गावात तर इतकी थांबली की एक कोंबडी सगळी पिल्लं घेऊन रस्ता ओलांडून गेली आमच्या मधून. पोस्टमनचा पाय वर, कपाळावर घाम. पण हसलं कुणी नाही, बाबा. तिथला एक म्हातारा मला म्हणाला, तुताइ वाजवतोय का ट्रकवर? म्हटलं, नाही, त्याची नात आहे. तर म्हणाला, तरीच, हातात जोर जास्त आहे.

तुताइ: असं म्हणाला?

नूरोआ: मला वाटलंच होतं तुम्हाला हे आवडणार नाही.

तुताइ: नूरोआ, तुझी मान पांढरी झालीय.

नूरोआ: हो.

तुताइ: तू तर म्हणाली होतीस, पुढच्या रांगेत उभी राहणार नाही. आईच्या जागेवर तर नाहीच.

नूरोआ: परवा रात्री त्या पोरीनं बटाटे सोलता सोलता सगळं सांगितलं मला. म्हाताऱ्या बाईचं, खुर्चीचं. मी पंचेचाळीस वर्षांची झाले, मला आत्तापर्यंत पूर्वजांची होडीच माहीत होती. पोरगी म्हणाली, आत्या, मी थांबेन, पण कुणीतरी जायला नको का? मग गेले. सहाही गावांत गेले. आता तुम्ही काही बोलू नका, माझं काजळ उतरेल.

तुताइ: मी कुठे काय बोललो?

नूरोआ: हा डबा कुठून काढलात? आईचा ना हा?

तुताइ: फळीवर होता. निम्मा उरलाय. म्हटलं, रस्त्याच्या कडेला बसायचंच आहे, तर रिकाम्या हातानं कशाला?

नूरोआ: आले बघा. जाते मी, रांगेत उभी राहते. तुमच्याकडे मीच येईन, तिसऱ्या फेऱ्यानंतर. झाकण उघडून ठेवा.

तुताइ: जा. कळतं मला. हं. पहिला फेरा. कोपर अंगाशी ठेव, पोरी. असं. दुसरा. घाई नाही, अजिबात घाई नाही. तिसरा. आता जा, म्हातारीकडे जा. थांब. थांबली. अरे, ट्रकवरून उडी मारून कुठे निघालीस? ढोल सोडून कुठे आलीस तू?

अकाइती: चालत आले. धावले नाही.

तुताइ: नूरोआ येणार होती.

अकाइती: तिला म्हटलं, इथे मी जाते. लावा ना, आजोबा.

तुताइ: माझ्या हातानं सांडेल.

अकाइती: सांडू दे.

नूरोआ: अकाइती, चाळीस जणांचे पाय वर आहेत.

तुताइ: ऐकलंस का? जा आता. सगळं गाव थांबलंय.

अकाइती: थांबू दे. दुसरी बाजू राहिलीय.