उंदीर कुणाच्या घरचे?

हॅलो? … हॅलो! … हो, फैजपूरच. … नाही, मोतीलाल टेलर शेजारी राहतात. हा जैनबभाभींचा फोन, आमचा पीपी नंबर. … मी त्यांची बायको. … भाभींची कशी असेन? मोतीलाल मास्तरांची! लिलाबाई. आपण कोण?

तुफान? तुफान टीव्ही गेम? मुंबईहून? … थांबा, बसू द्या मला. … भाभी, ओ भाभी! तुफानवाल्यांचा फोन! तो टीव्ही हळू करा जरा.

हं, बोला मॅडम. आली का आमची आठवण? मला वाटलं, कंपनी बुडाली. … नाही नाही, बुडू नये. आम्ही कशाला वाईट चिंतू?

काय? … परत सांगा. … उंदीर? आमच्या घरात?

भाभी, तुम्ही हसू नका!

म्हणजे दुरुस्तीला मशीन उघडलं, आत दाणे सापडले, म्हणून आमच्याकडे उंदीर. आणि उंदीर म्हणून गॅरंटी रद्द. … वा! आणि उंदीर आत शिरला कशाला हो? रणगाडे खेळायला?

नाही, आता तुम्ही ऐका. बिल तुमच्या कंपनीचं चढतंय ना? मग बोलू द्या मला. … आमच्या ह्यांना झटका आला. टेलर माणूस, आणि नेमका उजवा हात गेला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबा म्हणाले. ह्यांनी तो रागाने फेकला, तो भाभींच्या बकरीने खाल्ला. … बरी आहे हो बकरी! तुम्ही बकरीचं काय विचारता?

मग मागच्या वर्षी दिवाळीला माझ्या भावाने तुमचं तुफान आणलं. पोरांसाठी. पोरं राहिली बाजूला, हेच बसले. आणि एक दिवस ह्यांचा रणगाडा भिंतीत अडकला… हो, टीव्हीतल्या भिंतीत… आणि ह्यांनी अशी शिवी हासडली, आणि अंगठा हलला, मॅडम. उजव्या हाताचा. मी चहा घेऊन उभी होते, सगळा सांडला.

त्या दिवसापासून आम्ही तुमचे. अख्ख्या गल्लीला तुफान घ्यायला लावलं. भाभींच्या अस्लमने घेतलं. पाहुणा आला की ह्यांचं सुरू, तुफानच घ्या, दुसरं घेऊ नका. एवढी जाहिरात तुम्ही पैसे देऊन तरी केली असतीत का! … आणि ह्यांनी पाठवलेली खोळ मिळाली ना? मशीनवर घालायची, मखमलीची. वर तुमच्या खोक्यावरचं ते गॉगलवालं मुंगूस काढलंय. झटक्यानंतर ह्यांनी शिवलेलं पहिलं काम ते. टाके वाकडे आहेत, पण… कुठे? … साहेबांच्या टाइपरायटरवर?

बसली का नीट? … छान. म्हणजे खोळ ठेवून घेतली आणि आम्हाला उंदीर लावले!

दसरा झाला आणि मशीन तुमच्याकडे आलं. पत्रं लिहून लिहून दमले मी. उत्तर काय, तर छापील चिठ्ठी. 'प्रिय बालमित्रा.' ह्यांना बालमित्र! डोक्यावर एक काळा केस नाही राहिला माणसाच्या. … आता हात परत मांडीवर पडून असतो. बोटं आत वळायला लागलीत. मी कात्री पुढे ठेवते, हे भिंतीकडे बघत बसतात. मला राग नाही येत मॅडम, मला रडू येतं. … हे बघा, आलंच.

नाही, बोला. ठीक आहे मी. … नवीन घ्यायचं? सूट देता? तुमच्या तुफान मित्रमंडळाचे सभासद म्हणून? … तुमचं ते मुंगूस घ्या आणि… जाऊ द्या. भाभी ऐकताहेत.

उंदीर नाहीत म्हटलं ना! … मग दाणे? … दाणे…

मॅडम, खरं सांगू का? दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो ना आपण. आमच्याकडे दरवर्षी शिलाई मशीन, कात्री, टेप. यंदा हे म्हणाले, ज्याने हात परत दिला, तेही हत्यारच. मांडलं तुफान कात्रीशेजारी. हळदकुंकू, झेंडूचं फूल… हो, दाणेही वाहिले. उजव्याच हाताने, हट्टाने. हात थरथरतो, गेले असतील आत. दुसऱ्या दिवशी मशीन बंद.

ग्राहकाची चूक? … बरं, तसं लिहा. उंदरांपेक्षा ते बरं. … तरीही गॅरंटी रद्द? मग खरं बोलून मी मिळवलं काय!

काय म्हणालात? … तांदूळ? … नक्की तांदूळ? गव्हाचा एकही दाणा नाही?

मग थांबा. थांबाच तुम्ही. आमच्याकडे त्या दिवशी तांदळाचा कण नव्हता. रेशनला आलेच नव्हते. मीच ह्यांना म्हटलं, गहू वाहा, देव काय नाक मुरडणार आहे? … हो, गहू! ह्या भाभी साक्षीला आहेत, त्यांच्याच डब्यातले मूठभर आणले होते. … तुमचे दाणे कसे आहेत? … कुंकवाने लाल? बघा! आणि ऐका, ते मशीन पहिल्या दिवसापासून खुळखुळायचं. उचललं की खुळखुळ. भाऊ म्हणाला, मुंबईचा माल आहे, असंच असतं.

हॅलो? … हॅलो, मॅडम? … रडताय का?

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला काय? … कारखान्यात पूजा. बरं. … मशीन ओळीने मांडलेली… वरचं झाकण लावायच्या आधी? अगं बाई! आणि ताट कुणाच्या हातात होतं?

तुझ्या?

नवीनच लागली होतीस… बायकांतून तुलाच पुढे केलं… मूठ भरून अक्षता? अगं, लग्न होतं का कुणाचं!

कुठली गं तू? … धुळ्याची? देवपूरची? अवं, मी पारोळानी शे ना! मंग आधी सांगाले काय व्हयनं तुले? माझ्या माहेरकडची निघालीस, आणि मी उगाच मघापासून मॅडम मॅडम करतेय.

रडू नको. घरी कोण कोण आहे? … आई धुळ्याला, तुझ्याच पगारावर. … हं. साहेबाला कळलं तर काढेल, हो, तेही खरं.

नाही गं, ते भाभी म्हणताहेत, कंपनीचं नाव पेपरात छापून आणा. तू घाबरू नको, त्यांना सवय आहे. … भाभी, थांबा हो, आपलीच पोरगी आहे.

अगं ऐक ना… ऐक. तो कागद आहे ना तुझ्यासमोर? उंदीरच राहू दे त्यात. … हो, खोडू नको. फक्त घर बदल. लिही, उंदीर आढळले, कंपनीच्या गोदामात. … का? मुंबईच्या गोदामात उंदीर नाहीत म्हणून तुझा साहेब शपथ घेईल का?

हसलीस! हं, अशी हस. … आणि गोदामाची चूक असली तर नवं मशीन देतात? … मग लिही की पटापट! आम्हाला उंदीरवाले म्हणत होते, आता बसा म्हणावं.

आजच निघेल? … आईशप्पथ म्हण. … हं.

थांब, हे आलेत दारात. … अहो, येतंय तुफान! नवं! … काय? … हे विचारताहेत, खोळ टाइपरायटरला घट्ट होते का? होत असेल तर पाठव म्हणतात, उसवून देतो. … हो गं, साहेबालाच. काय करणार, ह्यांचा जीव अजून तुमच्यातच अडकलाय.

भाभींना फोन हवाय, ठेवते. … माफी कसली मागतेस? वर्षभर चाललं ना मशीन? ह्यांचा अंगठा हलला, तेव्हा तुझेच दाणे होते आत. … हो गं. खरंच सांगते.

तेव्हा येत्या दसऱ्याला ताट पुढे आलं तर नाही म्हणू नको. वाहा अक्षता. मनापासून वाहा.

फक्त आधी झाकण लाव.