मुंगीचा दाट वाफा

बाई : तो मुळा खाली ठेवा, मुंगीचे बाबा. खुरपंही ठेवा.

बाबा : मी जरा माती भुसभुशीत करत होतो, बाई.

बाई : मुळ्याने?

बाबा : तुम्ही इतक्या लवकर येता हे माहीत नव्हतं.

बाई : शाळेच्या बागेचं फाटक मीच उघडते. तुम्ही कुंपणावरून आलात, दिसतंच आहे. मागे पँट फाटलीय.

बाबा : तारेत अडकली. जाऊ दे ती.

बाई : किती पुरलेत?

बाबा : एक जुडी. काल संध्याकाळी बाजारातून आणली. चांगले निवडून घेतलेत, बघा, एकालाही डाग नाही.

बाई : तीच तर पंचाईत आहे. जमिनीतून निघालेला मुळा असा अंघोळ करून बसत नाही. आणि मुंगीने लाल मुळ्याचं बी पेरलं होतं.

बाबा : मुळा लाल पण असतो?

बाई : असतो. शेजारच्या वाफ्यात बघा, मातीतून डोकी वर काढून बसलेत.

बाबा : मी रोज लोकांचे फ्रिज दुरुस्त करतो, बाई. शंभर घरांतले मुळे पाहिलेत. सगळे पांढरे, आणि निम्मे सडलेले.

बाई : तिची रोपं कुठे आहेत?

बाबा : उपटली. खाली काही नव्हतंच हो. बाकी पोरांचे चांगले गोटीएवढे झालेत, आणि हिच्या रोपांना दोऱ्यासारखी मुळं. रविवारी पाणी घालायला आलो तेव्हा एक उपटून बघितलं आणि तसंच परत खोचून ठेवलं.

बाई : मला विचारायचं होतंत.

बाबा : तुम्हाला माहीत होतं ना, हिचे मुळे धरणार नाहीत म्हणून?

बाई : होतं. रोपं विरळ कर, असं दोनदा सांगितलं तिला. मधली मधली उपटली तरच उरलेल्यांना जागा मिळते. ती नाही म्हणाली. वाफा तिचा आहे. आज उपटून बघितलं असतं तर तिनेच विचारलं असतं, असं का झालं.

बाबा : तुमचा धडा झाला असता, बाई. माझं काय? तिची आई परगावी नोकरीला गेल्यापासून पोरगी बिस्किटांवर जगतेय. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, पालेभाजी जाऊ द्या पोटात. मी करतो, ती ताट तसंच सरकवते. एकच गोष्ट कबूल केली होती तिने. माझ्या वाफ्यात येईल ते खाईन. आज काढणी आहे, आज तिच्या हातात काय देऊ मी? दोरा?

बाई : हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा : पोरीचं आजारपण काय सगळ्यांना सांगत फिरायचं?

बाई : सगळ्यांना नाही. मला सांगायचं. बरं, रोपं टाकलीत कुठे?

बाबा : खताच्या खड्ड्यात. वरच आहेत, सुक्या पानांवर. का?

बाई : सांगते. ती आली बघा. आता तुम्ही बोलता का, की मुळ्यांनीच बोलायचं?

मुंगी : बाबा, तू इथे काय करतोयस? मला शेजारच्या काकूंनी सोडलं. तू म्हणालास, कुणाचातरी फ्रिज बंद पडलाय.

बाबा : झाला तो. लवकर झाला.

मुंगी : माझा वाफा कुणी विंचरला?

बाबा : विंचरला म्हणजे?

मुंगी : एका ओळीत भांग पाडलाय. माझी रोपं अशी नव्हती. आणि हे पांढरे आहेत.

बाबा : कधीकधी जमिनीत रंग उतरतो, मुंगे.

मुंगी : उतरतो का हो, बाई?

बाई : मुळ्याचा नाही उतरत. बाकी तुझ्या बाबांना विचार.

बाबा : हे मी लावले. सकाळी. बाजारातले आहेत.

मुंगी : आणि माझी?

बाबा : उपटली. खाली मुळे धरलेच नव्हते गं. तुला वाईट वाटलं असतं.

मुंगी : सगळी उपटलीस?

बाबा : सगळी.

मुंगी : मग मला आज काही खायचं नाही.

बाबा : मुंगे, असं नको करूस. हे बाजारातले…

मुंगी : हे माझे नाहीत. मी माझ्या वाफ्यातलं म्हटलं होतं. माझ्या वाफ्यात काही राहिलंच नाही. तूच काढलंस.

बाई : तुझी रोपं खड्ड्यात वरच पडलीत, मुंगी. मला वाकवत नाही, तू आणि बाबा मिळून या टोपलीत काढून देता का? खाण्याचं राहू दे. मला फक्त बघायची आहेत.

मुंगी : चल बाबा. हळू काढ. तू सगळं ओढतोस.

बाबा : हळूच काढतोय.

मुंगी : ही बघा, बाई. खरंच दोरे आहेत. शेजारच्या वाफ्यात तेच बी, तेच पाणी. मग माझ्याकडे का नाही धरले?

बाई : एका पलंगावर किती जण नीट झोपतात?

मुंगी : आई घरी असते तेव्हा पलंगावर मी आणि आई. बाबा आला की कुणालाच झोप नाही.

बाबा : हे सांगायची गरज नव्हती.

बाई : तुझ्या वाफ्यात सगळी एकाच पलंगावर होती. अंग पसरायला जागा नाही, मग मूळ फुगणार कुठे? म्हणून मी मधली उपटायला सांगत होते.

मुंगी : मला कळेना कुठलं उपटायचं. त्यांनी काही केलं नव्हतं. उपटलं की मरतात.

बाई : उपटलेल्यांचं बाकीच्या मुलांनी काय केलं, तू पाहिलंस?

मुंगी : नाही. मी त्या दिवशी नळावर जाऊन बसले होते.

बाई : धुऊन, चिरून भाजीत टाकली. एकही वाया गेलं नाही. हे तुला नंतर तरी सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

मुंगी : म्हणजे मुळ्याचा पाला खातात?

बाई : खातात. डॉक्टर सांगतात तो पाला असाच असतो.

मुंगी : मग बाबा, खाली काही नव्हतं तर वर होतं ना. एवढं सगळं वर होतं आणि तू फेकून दिलंस.

बाबा : मला काय माहीत? मी खालीच बघत होतो.

मुंगी : माझ्या वाफ्यात सगळ्यांपेक्षा जास्त पाला आहे. मोजा हवं तर.

बाई : मोजायला कशाला हवं? टोपली भरलीच आहे. आत चला, बाकीची मुलं येईपर्यंत गॅस मोकळा आहे.

(शाळेच्या स्वयंपाकाची खोली. नळ चालू आहे.)

मुंगी : अजून एकदा धू. खड्ड्यातली आहेत.

बाबा : तीनदा धुतली.

मुंगी : तळाशी माती आहे बघ. आणि एवढी मोठी नको चिरूस, ही काय वायर आहे?

बाई : तेल तापलं. आधी लसूण घाला. रंग बदलायला लागला की पाला. झाकण नको, नाहीतर हिरवेपणा जाऊन काळपट होतो.

बाबा : एवढी टोपली होती, कढईत मूठभर झाली.

बाई : पाल्याचं असंच असतं. मीठ आता घाला, पाला खाली बसल्यावर. आधी घातलं की हमखास जास्त पडतं.

बाबा : म्हणून माझी रोज खारट होते?

मुंगी : खारट असते म्हणून मी खात नाही, असं नाही. पण खारट असते.

बाबा : सांगायचंस ना.

मुंगी : तू ताट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतोस. मग कसं सांगणार?

बाई : घे. एवढीच घेतलीय. नाही आवडली तर बाजूला काढ, कुणी रागावणार नाही.

मुंगी : कडू आहे.

बाई : आहे थोडी.

बाबा : राहू दे मुंगे, जबरदस्ती नाही. हवं तर मी दुसरं काही…

मुंगी : बाबा, माझ्याकडे बघू नकोस. खातेय मी.