वगैरेत काय आलं

अरे नाही, सही इतक्यात नको करू — पेन ठेव खाली — आधी हा कागद खाडीपलीकडे गोराईला घरी ने, तुझ्या आईला, सोनूबायला, एकेक ओळ वाचून दाखव, तिला काय विचारायचंय ते विचारू दे, मग सही. हसतोस काय? घरामागच्या एका खोलीसाठी दोन पानी कोटेशन — हसतातच लोक, बोरिवलीतले बाकीचे मिस्त्री तर म्हणतात, अनंता हल्ली विटा कमी रचतो नि अक्षरं जास्त. म्हणू दे. हे बघ, भिंत किती लांब, किती उंच, चार इंची कुठली, नऊ इंची कुठली, सगळं वर लिहिलंय. विटा-रेती भाईंदरवरून फिरून टेम्पोने येणार, ते भाडं यातच धरलंय. प्लास्टर आतून नि बाहेरून, दोन्ही. आणि ही खाली रेघ मारून लिहिलंय, 'यात काय येत नाही' — लादी नाही, रंग नाही, वायरिंग नाही. म्हणजे उद्या तू म्हणायचं नाही की अनंताने सांगितलं नव्हतं, आणि मी म्हणायचं नाही की — जाऊ दे. चहा घे, गार होतोय.

काय म्हणालास? आईला कशाला दाखवायचं? व्यवहार कळत नाही तिला? कोणाला, सोनूबायला? अरे, चाळीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई ती, पापलेटाच्या एका जोडीसाठी भले भले तासभर घासाघीस करून शेवटी तिच्याच भावात घेऊन जायचे, आणि तू म्हणतोस — हां. हां, ते न्हाणीचं. म्हणजे तू अजून तेच धरून बसलायस. सहा वर्षं झाली रे. आणि तेव्हापासून ती बाजारातून आलेला पैसा सपनाच्या हातात देते? तुझ्या बायकोच्या? आणि कुठे काय खर्च झालं ते विचारत पण नाही — असं. हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

बस जरा. ते न्हाणीचं — म्हणजे बघ, तू तेव्हा बोटीवर नोकरीला होतास, तिचे गुडघे दुखायचे, गावच्या संडासापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून घरामागे न्हाणी-संडास बांधून हवं होतं. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'न्हाणी-संडास बांधणे वगैरे, अडतीस हजार'. संपलं कोटेशन. आमच्या धंद्यात फार कामाचा शब्द हा, वगैरे — गिऱ्हाइकाला वाटतं वगैरेत सगळं आलं, आणि काम अर्ध्यावर आलं की आम्ही सांगायचं, वगैरे म्हणजे विटांचं वगैरे, प्लास्टर वेगळं, दरवाजा वेगळा. सगळेच करायचे. मीच एकटा थोडाच — नाही, मी पण करायचो. आणि तुला काय ठाऊक आहे? की तिने कागद कोणाकडून नीट वाचून घेतला नाही, तिची समजूत चुकली. मीच सांगितलं होतं तसं तुला. तर तसं नव्हतं ते.

तिने विचारलं होतं रे. कागद हातात धरून, अक्षर येत नाही तरी त्याच्यावर बोट ठेवून — "अनंता, यान सगला आला ना? दरवाजा पन?" नाव घेऊन विचारलं, दरवाजा पण. आणि मी म्हणालो, आला गो बाय, सगळा आला. का म्हणालो? दुसरा मिस्त्री चाळीस मागत होता, काम हातचं जाईल म्हणून, आणखी काय कारण असणार — पोटासाठी केलं वगैरे — बघ, आला परत तोंडात. भिंती उभ्या राहिल्या आणि मी वरचे चौदा हजार मागितले. कागद दाखवला तिला, म्हटलं दरवाजा कुठे लिहिलाय दाखव. तेवढे पैसे नव्हते तिच्याकडे. चार महिने दाराच्या जागी ताडपत्री होती.

मग तू आलास सुट्टीला. आठवतं? आठवत असणारच. मी तिथेच उभा होतो, शेजारची चार माणसं होती, आणि तू तिला म्हणालास, तुला विचारायला काय झालं होतं, तोंड नव्हतं का तुला. सोनूबायला, तोंड नव्हतं का. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, माझीच चूक झाली रे पोरा. आता ती का असं म्हणाली ते मला तेव्हाच कळलं होतं. काम अर्धं होतं ना — माझ्याशी भांडली असती तर मी टाकून गेलो असतो. आणि गेलो असतो मी, खोटं कशाला बोलू. लाज वाटते रे सांगताना. तू पैसे मोजलेस, मी घेतले, दरवाजा बसवला. त्यानंतर कुठल्याच कागदावर 'वगैरे' हा शब्द लिहिला नाही. पण त्याने तिचं काय भलं झालं? काही नाही. शिवी दे.

काय करतोस? कोणाला लावतोस फोन? दिपेश, नको. मी येऊन सांगेन तिला, रविवारी येतो, तुझ्या बायकोसमोर सांगतो — अरे माझ्या हातात कशाला — हॅलो. हां, सोनूबाय, अनंता बोलतोय, मिस्त्री. बरी आहेस ना? हो, दिपेश इथेच बसलाय. ऐक ना, ते आपलं — ते न्हाणीचं काम केलं होतं ना मी, तेव्हा — नाही गो, गळतंय का म्हणून नाही विचारत — हो? चांगली टिकली म्हणतेस? आँ? बोंबील? नको गो, माझ्यासाठी कशाला काढून ठेवलेस — बरं. बरं, दे पाठवून त्याच्याबरोबर. नाही, काम काही नव्हतं. सहजच केला. ठेवतो.

घे फोन. असा बघू नकोस माझ्याकडे. कागद घे आणि जा — जा म्हणतो ना, गोराईची फेरीबोट चुकेल तुझी.