विषम हवामान

– उघडलीतच ना शेवटी! अहो पाहुणे, चिखलानं लिंपलेली खिडकी ती, कुणी हौसेनं लिंपली असेल का? मी चहा टाकायला आत वळले, तेवढ्यात किल्लीनं कोरून कोरून मोकळी केलीत. म्हणे गुदमरत होतं! घटकाभर गुदमरलं असतं तर काय प्राण जाणार होता? आता बघा – बशीत बघा, मिशीत बघा, त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशात बघा. चहावर साय वाटली ना? साय नाही ती, धूळ आहे. प्या आता. – राहू द्या, उशी कोंबून काय होतंय! पश्चिमेची बाजू ही. वारा सुटायच्या आधी इथे घरोघर पश्चिमेच्या खिडक्या लिंपतात, पाऊस आला की फोडतात, आणि मधले दिवस आपल्या घराला त्या बाजूनं खिडक्याच नाहीत असं समजून राहतात. कुणालाही विचारा. पण तुम्ही पडलात कापडवाले, खिडकी दिसली की उजेड हवा – गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा असतो ना!

आणि वर मलाच सुनावता, 'आजी, इथलं हवामान माझ्या मुलीला सोसायचं नाही.' का, लोण्याची आहे का मुलगी? मग मडक्यात ठेवा, लग्न कशाला करता तिचं? आमच्या नातवाला तिनं स्वतः पसंत केलंय, तेव्हा हवामान विचारलं होतं का तिनं? तुम्हीच आलात पुस्तक वाचून – 'या भागाचे हवामान विषम आहे.' मीही वाचलंय ते. भुवया कशाला चढवता? शाळेनं मला दारात उभं केलं नाही, वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले मी – अर्धी बातमी आज, उरलेली अर्धी पुढच्या साखरेच्या पुडीत, नशीब असेल तर. तर ते 'विषम' लिहिणारा इथे आला असेल तो थंडीत, दुपारच्या कोवळ्या उन्हात पाय पसरून बसला असेल, दोन ढेकर दिले असतील आणि लिहून मोकळा झाला असेल. आमचा सगळा जन्म एका शब्दात! त्याच्या बायकोचा स्वभाव लिही म्हटलं असतं तर चार पानं लागली असती त्याला.

वाईट काय आहे इथे, सांगा ना. ऊन आहे – मग तुमच्याकडे काय दिवसा चंद्र उगवतो? पत्रा तापतो, तापेना का, पाणी आयतं गरम होतं. पाऊस येतो तो एकदाच येतो, पण मनापासून येतो. वर्षाचा राग एका दमात काढतो, रस्ता घेऊन जातो – मग आपण नवा पाडायचा, हातपाय कशाला दिलेत? थंडीत धुकं पडतं, हो, पडतं थोडं. आमच्या जाऊबाई एकदा सरपण घेऊन अंगणातून घरात गेल्या, चूल पेटवली, दूध ठेवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घर शेजारणीचं आहे. शेजारीण काय म्हणाली? म्हणाली, पेटवलीच आहे तर मलाही अर्धा कप टाका. हसता काय? अशी माणसं आहेत इथे. तुमच्या शहरात दुसऱ्याच्या घरात शिरलं तर पोलिसाला बोलावतात.

राहता राहिला वारा. वाऱ्याचं एवढं काय? झाकून जेवायचं, गाळून पाणी प्यायचं, कमी बोलायचं. – मी जास्त बोलते ते तुम्ही आलात म्हणून. – सूनबाई? ती वाऱ्याला कंटाळून गेली असं कुणी सांगितलं? शहरात नोकरी लागली म्हणून गेली, मुलगा तिच्या मागे गेला, शेपूट बैलाच्या मागे जातं तसा. पण नातू आला की नाही परत? शहरात वाढलेला पोरगा, मी पडले, खुब्याचं हाड मोडलं, तर आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. पंप दुरुस्त करतो. त्याचा हात लागला की मेलेली मोटार घुरघुरते. वाऱ्यात कधी तक्रार नाही – तोंडाला ओलं फडकं बांधतो, आडवं होववत नाही म्हणून भिंतीला टेकून बसतो, बसल्या बसल्या डुलकी काढतो, पण तक्रार –

काय? आजार कसला? धाप म्हणतात तिला. जरा छातीत शिट्टी वाजते. मुलीला सांगितलं नाही त्यानं? – मग मीही काही सांगितलेलं नाही, चहा प्या तुम्ही. आणि ती सगळी मागची गोष्ट. डॉक्टर म्हणाला होता, औषध नाही, जागा बदला – त्याच्या बापाचं काय जातंय जागा बदला म्हणायला! जागा काय चप्पल आहे? मी म्हटलं, माती अंगवळणी पडू दे, आपोआप जिरेल. आणि जिरलंच की! यंदा वारा सुटल्यापासून एकदाही खोकलेला नाही. याच घरात राहते मी, माझे कान काही गेलेले नाहीत. मीठ खाली पडलं तरी ऐकू येतं मला. म्हणून सांगते, ते शहरात चल नि माझ्या दुकानात बस वगैरे त्याच्या कानात ओतू नका. घरजावई हवा असेल तर सरळ तसं म्हणा, हवामानाच्या आडून कशाला? तो इथेच राहील, तुमची मुलगी इथे येईल, वर्षभरात तीही खिडकी लिंपायला शिकेल, आणि मी –

थांबा. गप्प बसा जरा.

हे कोण खोकतंय? भिंतीमागून. – तो पंपाच्या खोलीत आहे, पलीकडे, पूर्वेला. इकडे मागे कुणी नसतं, वाऱ्यात इकडे कुत्रंही उभं राहत नाही. – नाही, उठू नका तुम्ही. मी बघते. खिडकीच्या फटीतून दिसतंय. –

गुडघ्यांवर हात टेकून उभा आहे. वाकलाय. तोंडात फडकं कोंबलंय मेल्यानं.

इथे येतो होय खोकायला. म्हातारीच्या कानाआड. लिंपलेल्या भिंतीमागे, ऐन वाऱ्यात – आणि मग पाणी पिऊन आत येतो, हसतो, म्हणतो, आजी, यंदा एकदम झकास. आणि मी बया गावभर सांगत सुटते!

काही बोलू नका. तो दयेचा चेहरा करू नका माझ्यापुढे, शोभत नाही तुम्हाला. मला काय होतंय? खुबा सांधलाय, चूल पेटवता येते, वाचता येतं. हा वारा मला लग्नाआधीपासून ओळखतो, अजून त्याच्यानं मी उडालेली नाही. – दुकानात धूळ असते का तुमच्या? नसेल. कापडाला धूळ चालत नाही. रोज झटकत असाल. झटकायलाच हवी.

उठा. ऊन उतरायच्या आत ओढा ओलांडा. आणि ऐका – तुमची मुलगी इकडे पाठवू नका, आमचाच पोरगा घेऊन जा, आत्ता, तुमच्याच गाडीत, आणि त्यानं कारण विचारलं तर सांगा, म्हातारीनं हाकलून दिलं.